‘भाषा : स्पॅनिश’ : ताटातूट झालेल्या एका माया मुलीचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातलं वय, गाव आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत. दोन-तीन ठिकाणी दोन सारख्या मुलांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. कायदे, सरकारी हुकूम आणि न्यायालयाच्या तारखा मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत. मुलीला मी इथे ‘छोटी’ म्हणते.

पार्श्वभूमी

मे २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात सहा वर्षांची छोटी आणि तिचा बाप टेक्ससमध्ये रिओ ग्रान्दे नदी ओलांडून आले. पळाले नाहीत की लपले नाहीत. गस्तीची गाडी दिसल्यावर बापानं स्वतःच हात केला. ग्वाटेमालाच्या वेवेतेनांगो प्रांतात, कुचुमातान डोंगररांगेतल्या तोदोस सांतोस परिसरात त्यांचं गाव. ते माया, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. बाप वडापचा पिकअप चालवायचा. त्याच्याकडे खंडणी मागणारे आधी दर महिन्याला यायचे, मग दर आठवड्याला येऊ लागले. एकदा नाही म्हटल्यावर त्याची बोटं मोडली. जमिनीचे कागद सावकाराकडे ठेवून त्यानं वाटाड्याचे पैसे उभे केले. धाकटं पोर अंगावर पीत होतं, म्हणून बायको त्याच्यासह गावीच राहिली.

ते आले ती वेळ वाईट होती. ६ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी दक्षिण सीमेवर ‘झीरो टॉलरन्स’ जाहीर केलं होतं. परवानगीशिवाय सीमा ओलांडणं हा पहिल्या खेपेला तिथे किरकोळ गुन्हा आहे. पूर्वी लेकरं बरोबर असली की बहुतेक वेळा हा खटला भरत नसत. आता सरसकट भरायचा ठरलं. बाप फौजदारी कोठडीत गेला की मूल एकटं पडतं. एकट्या परदेशी मुलाला २००८ च्या कायद्याप्रमाणे ७२ तासांच्या आत आरोग्य खात्याच्या निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे सोपवावं लागतं. हा कायदा खरोखरच एकट्या आलेल्या मुलांना जपण्यासाठी केलेला. त्याच कायद्यानं बापाचं बोट धरून आलेली पोर कागदावर ‘सोबत कुणी नाही’ अशी ठरली.

बापाला चाळीसएक जणांच्या घोळक्यात न्यायालयात उभं केलं. कानाला हेडफोन लावला होता आणि त्यातून स्पॅनिश येत होतं. रांगेतले सगळे ‘कुल्पाब्ले’ म्हणाले, म्हणून तोही म्हणाला. त्या शब्दाचा अर्थ ‘दोषी’. कोठडीत काढलेले दिवस हीच शिक्षा धरली गेली. तो परत आला तेव्हा छोटी तिथे नव्हती.

२० जूनला राष्ट्राध्यक्षांनी ताटातूट थांबवण्याचा हुकूम काढला. २६ जूनला सॅन डिएगोतले न्यायाधीश डॅना सब्रॉ यांनी आदेश दिला : पाच वर्षांखालच्या मुलांना १४ दिवसांत आणि बाकीच्यांना ३० दिवसांत आईबापांकडे पोचवा, आणि आईबापानं समजून-उमजून, स्वखुशीनं नकार दिल्याशिवाय त्यांना मुलाविना देशाबाहेर पाठवू नका. यातल्या ‘समजून-उमजून’ या शब्दांवर आमचं पुढचं सगळं भांडण झालं. जुलैच्या सुरुवातीला बापापुढे एक कागद आला. त्यावर दोन पर्याय होते, मुलाला घेऊन परत जायचं किंवा मुलाशिवाय परत जायचं. अधिकाऱ्यानं बोट ठेवलं तिथे त्यानं सही केली आणि तीन दिवसांनी तो ग्वाटेमाला सिटीला उतरला. त्याच्यासारखे चारशेहून जास्त आईबाप मुलांविना परत पाठवले गेले होते.

मी त्या वेळी टेक्ससमध्ये चाइल्ड अ‍ॅडव्होकेट म्हणून काम करत होते. हे पदही २००८ च्या त्याच कायद्यातलं. वकील मूल म्हणेल ती बाजू मांडतो. मुलाच्या हिताचं काय आहे ते शोधून संबंधितांपुढे लेखी मांडणं हे अ‍ॅडव्होकेटचं काम. निर्णय घेण्याचा अधिकार त्याला नसतो. मला स्पॅनिश येतं, पुण्यात शिकले होते. त्या जोरावरच हे प्रकरण माझ्याकडे आलं.

अडचण नेमकी काय होती

जुलैच्या शेवटी फाईल हातात आली. त्यात नाव, जन्मतारीख, नऊ आकडी नंबर आणि देश होता, आणि भाषेच्या रकान्यात ‘स्पॅनिश’. पुढच्या पानांवर शेल्टरमधल्या, म्हणजे पुनर्वसन कार्यालयानं तिला ठेवलं होतं त्या निवाऱ्यातल्या, माणसांच्या नोंदी होत्या. ‘प्रश्नांना होकार देते पण पुढे बोलत नाही.’ ‘सूचना कळत नाहीत.’ ‘अंघोळीला विरोध.’ ‘विकासात मागे असण्याची शक्यता, तपासणी करावी.’

पहिल्या भेटीत मी तिच्याशेजारी चटईवर बसले. भूक लागलीय का? सी. चित्र काढायचंय का? सी. बाहेर जाऊ या? सी. मला शंका आली. मी विचारलं, तुला पंख आहेत का? सी. आपण दोघी आत्ता झोपलोय का? सी. हो म्हणजे ‘सी’ एवढं एकच स्पॅनिश तिला येत होतं. ते म्हटलं की मोठी माणसं तोंडावरून बाजूला होतात, हे तिला दोन महिन्यांत कळून चुकलं होतं.

हे मला लवकर दिसलं त्यात हुशारी काही नाही. माझे वडील धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पावरी बोलणारी पोरं मराठी पुस्तकापुढे गप्प बसायची आणि तपासणीला आलेले साहेब शेऱ्याच्या वहीत ‘मुले मंद’ लिहून जायचे. वडील चिडून म्हणायचे, यांना पावरीत उसन्या पैशाचा हिशेब विचारा, मग बघा कोण मंद आहे ते.

तर छोटीची भाषा कोणती? ग्वाटेमालात २००३ च्या कायद्यानं माया कुळातल्या २२ भाषांना मान्यता दिलेली आहे. किचे, केक्ची, माम, इशिल, कांखोबाल, चुख आणि आणखी कितीतरी. या स्पॅनिशच्या बोली नव्हेत, स्पॅनिशशी त्यांचा संबंधच नाही. आमच्या फाईलमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला कुणीतरी दुरुस्ती केली, ‘भाषा : चुख’. मला हायसं वाटलं. टेलिफोनवर दुभाषे पुरवणाऱ्या कंपनीकडून चुखचा दुभाषी मागवला. तो भला माणूस वीस मिनिटं बोलत राहिला आणि छोटी भिंतीकडे तोंड करून बसली. नोंद झाली, ‘मातृभाषेतही प्रतिसाद नाही.’ ही नोंद आधीच्या सगळ्या नोंदींपेक्षा वाईट होती. आता तिच्या गप्प बसण्याला भाषेचं कारण उरलं नव्हतं, ते तिच्या डोक्यात शोधलं जाणार होतं.

घोळ कसा झाला ते नंतर उलगडलं. शॉवरखाली न्यायला लागलं की छोटी रडून एक शब्द म्हणायची, ‘चुख’. तिथे काम करणाऱ्या एका मुलीनं तो फोनवर शोधला आणि ती एक माया भाषा आहे असं दिसलं. शोध खोटा नव्हता. पण तोदोस सांतोसकडच्या माम भाषेत चुख म्हणजे घराशेजारचं बुटकं, मातीचं वाफेचं न्हाणीघर. आत दगड तापवायचे, त्यावर पाणी शिंपडायचं आणि आईच्या मांडीवर बसून अंग शेकायचं. अडीच हजार मीटर उंचीवरच्या थंडीत पोरं अशीच न्हातात. डोक्यावर गार पाण्याची धार सोडणाऱ्या बायांना ती सांगत होती की असं नाही, चुखमध्ये. आम्ही तो शब्द तिच्या भाषेच्या रकान्यात भरला.

निर्णयाचा पहिला टप्पा : कुठली भाषा, की कुठलं गाव

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे मानसशास्त्रीय तपासणी होऊ द्यायची आणि तिच्यातून काय निघतं ते बघायचं. शेल्टरचा कल तिकडे होता. यात वाईट हेतू नव्हता, त्यांच्या कामाची चाकोरीच तशी होती. दुसरी वाट होती तपासणी लांबवून आधी भाषा शोधायची. लांबवण्यात धोका होता. मूल खरंच आजारी असेल तर उपचाराला उशीर झाला असता आणि तो माझ्यामुळे झाला असता.

मी दोन आठवडे मागून घेतले. मुलीच्या वकिलानं वाणिज्य दूतावासात बापाची जन्मनोंद विचारली. मला भाषा विचारायची होती, पण वकील म्हणाला, भाषा विचारू नकोस, गाव विचार. तो अनुभवी होता. ग्वाटेमालातले कितीतरी लोक अधिकाऱ्यापुढे आपली भाषा सांगायला कचरतात. १९६० ते १९९६ असं छत्तीस वर्षं तिथे यादवी युद्ध चाललं, दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालात, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. ज्यांच्या आज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या घरात, गणवेशातल्या माणसापुढे ‘आम्ही माम बोलतो’ हे सहज तोंडातून निघत नाही. गाव मात्र सगळे सांगतात.

गाव कळलं आणि भाषा कळली. तरी घाई करून चालणार नव्हतं, कारण माम सगळीकडे सारखी नाही. सान मार्कोस प्रांतातली माम आणि तोदोस सांतोसची माम यांत इतका फरक आहे की दुभाष्याची गाडी मध्येच अडते. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये माम बोलणाऱ्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यात तोदोस सांतोसकडचे पुष्कळ. तिथून एक पन्नाशीच्या बाई मिळाल्या. मी त्यांना मावशीच म्हणायला लागले.

फोन स्पीकरवर ठेवला. मावशी काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. छोटीनं भिंतीकडचं तोंड वळवलं, फोन उचलून दोन्ही हातांनी कानाला लावला आणि बोलायला लागली. अकरा मिनिटं थांबली नाही. मावशी मधेच स्पॅनिशमध्ये मला म्हणाल्या, ‘जरा थांबा हं, तिचं संपू दे.’ तपासणीचा विषय त्या दिवशी संपला.

मग मावशींनी सांगितलेलं आम्ही लिहून घेतलं. ती वाटेत, मेक्सिकोतल्या एका ट्रकमध्ये, फार रडली होती. बाप म्हणाला होता, रडू नको, पकडतील. म्हणजे ती रडली म्हणून पकडले आणि ती रडली म्हणूनच बाप तिला टाकून गेला, असं तिनं जुळवलं होतं. तो शेल्टरच्या मागच्या दाराआड आहे आणि रडणं थांबलं की बाहेर येईल, अशीही तिची समजूत होती. त्या दाराआड धुण्याची मशिनं होती.

समोरचे पर्याय

पर्याय चार होते. त्यातले दोन जवळजवळ फक्त कागदावर होते.

दीर्घ मुदतीसाठी परक्या घरी सांभाळायला देणं हा त्यातला एक. सुरक्षित, कायदेशीर, आणि तिची भाषा दोन वर्षांत संपवणारा. दुसरा म्हणजे बापाला अमेरिकेत परत आणण्यासाठी न्यायालयात लढणं. लढाई चालू होती, सब्रॉ यांच्यापुढचा सामुदायिक दावा नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू ही संघटना चालवत होती. पण सहा वर्षांच्या मुलीला निकालाच्या भरवशावर शेल्टरमध्ये ठेवणं म्हणजे तिचं बालपण दाव्याला तारण देणं. (पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं अकरा आईबापांना परत येऊ द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२० मध्ये नऊ जण आले. छोटीचा बाप त्यांत नव्हता.)

उरलेले दोन खरे होते. गावी परत पाठवणं म्हणजे आईबाप, आजी, भाषा सगळं एका जागी. पण ज्या रस्त्यावर बापाची बोटं मोडली तोही तिथेच, आणि जमीन सावकाराकडे. दुसरा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, छोटीचा मामा, ओकलंडमध्ये होता. बायको, दोन मुलं, बागकामाची नोकरी. घरात माम बोलली जायची. अडचण अशी की एप्रिल २०१८ मध्ये पुनर्वसन कार्यालय आणि इमिग्रेशनची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणा यांच्यात माहिती देवाणघेवाणीचा करार झाला होता आणि जूनपासून घरातल्या प्रत्येक प्रौढाच्या बोटांचे ठसे मागत होते. मामाच्या घरात कागदपत्रं नसलेले दोन भाडेकरू राहत. ठसे द्यायचे तर त्यांना धोका, नाही द्यायचे तर छोटी अडकून पडणार.

काय केलं, आणि मी कुठे चुकले

ही चूक मी आधी लिहायला हवी होती, पण ती समजायला वरचं सगळं माहीत असणं गरजेचं होतं.

मावशी सापडण्याच्या आठवडाभर आधी शेल्टरमध्ये छोटीचं प्रकरण सांभाळणाऱ्या केस मॅनेजरनं बापाला गावी फोन लावला होता. मी लाइनवर होते. संभाषण स्पॅनिशमध्ये झालं. बापाला बाजारापुरतं, पेट्रोलपंपापुरतं स्पॅनिश येत होतं. मुलगी परत हवी का, या प्रश्नावर तो म्हणाला, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग केस मॅनेजर म्हणाली, म्हणजे परत पाठवलं तर चालेल? ‘चालेल.’ मी त्या संध्याकाळी वकिलाला आणि शेल्टरला लिहून पाठवलं की वडिलांची परतीला संमती दिसते.

‘तुम्ही म्हणाल तसं, साहेब’ हे वाक्य तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मी लहानपणापासून ऐकलंय. त्याचा अर्थ संमती नसतो हे मला माहीत होतं. तरी मी ते संमती म्हणून नोंदवलं, कारण ते मला कळणाऱ्या भाषेत बोललं गेलं होतं. मुलीचं ‘सी’ मी ओळखलं आणि बापाचं ‘तुम्ही म्हणाल तसं’ गिळून टाकलं. ती नोंद मागे घ्यायला तीन आठवडे लागले. तोवर परतीची कागदपत्रं निघायला लागली होती.

सप्टेंबरमध्ये मावशींना घेऊन दुसरा फोन झाला. बाप सिग्नलसाठी टेकडीवर उभा होता, वाऱ्याचा आवाज येत होता. हा फोन पन्नास मिनिटं चालला. त्यानं पहिलं विचारलं, तिला भाकरी मिळते का? म्हणजे मक्याची टोर्टिया. मग विचारलं, तिचे कपडे कुठे आहेत? गावाकडचा विणलेला घागरा आणि कुडतं आल्याआल्या काढून घेतलं होतं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी लावून कपाटात होतं, मी स्वतः जाऊन बघून आले होते. हे सांगितल्यावर तो थोडा मोकळा झाला. सहीचं विचारलं तेव्हा म्हणाला, मला सांगितलं की सही कर, मुलीपाशी लवकर पोचशील. दोन पर्याय होते हे त्याला आमच्याकडूनच कळलं.

काय हवंय, यावर त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. बायकोला, सासूला विचारतो म्हणाला. केस मॅनेजरनं लिहिलं, ‘वडील अनिर्णित.’ मी त्याखाली लिहिलं की वडील कुटुंबाशी विचारविनिमय करत आहेत.

आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की आईला कुणी फोनच केला नव्हता. साडेतीन महिने झाले होते. फाईलमध्ये पालक म्हणून बापाचं नाव, कारण सीमेवर तो होता. दोन सरकारी खात्यांच्या संगणकांत आईबाप आणि मूल एकमेकांना जोडणारी धड सोय नव्हती, हे नंतर आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालातही आलं. पण आईला फोन करायला संगणक कशाला हवा होता? मला सुचलं नाही, वकिलाला सुचलं नाही. जो कागदावर होता त्याच्याच मागे आम्ही सगळे धावलो.

आई बापापेक्षा ठाम होती. ती म्हणाली, पोरीला माझ्या भावाकडे द्या. रस्त्यावरची ती माणसं अजून घराकडे येतात. आज परत आणली तर उद्या पुन्हा हाच रस्ता, आणि पैसे नाहीत.

यानंतरचा टप्पा मला अजून नीट सुटलेला नाही. छोटीला काय हवं होतं? तिनं मावशींना स्पष्ट सांगितलं होतं : बापाकडे जायचंय. तिचा वकील तिच्या इच्छेला बांधलेला. मी हिताला बांधलेली. अहवालात तिची इच्छा जशीच्या तशी लिहून खाली मामाची शिफारस केली तर आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहणार होतो. वकिलानं सुचवलं की आईलाच तिच्याशी बोलू दे. आई बोलली. मावशी ऐकत होत्या आणि मला हळूच सांगत होत्या. आई म्हणाली, मामाकडे जा, आम्ही येतोय मागून. छोटीनं विचारलं, मक्याची कापणी झाली की? आई म्हणाली, हो, कापणी झाली की.

छोटी मामाकडे जायला तयार झाली. वकिलानं तसं नोंदवलं. मी शिफारस पाठवली. तिला दिलेलं कारण खोटं होतं हे त्या खोलीत तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. माझं काम आईला अडवायचं नव्हतं. पण मुलीला नंतर एकटीनं भेटून, ‘कधी ते कुणालाच माहीत नाही’ एवढं सांगणं माझं काम होतं. मी ते केलं नाही. तिचा ‘हो’ हातून निसटेल अशी भीती वाटली.

पुढे ठशांचं घोंगडं भिजत पडलं. मामा भाडेकरूंना बाहेर काढायला तयार नव्हता. ते गावचेच होते आणि त्यांच्या भाड्यावर घराचं गणित चालत होतं. ऑक्टोबर, नोव्हेंबर गेला. डिसेंबरमध्ये सीमेवरच्या यंत्रणेच्या ताब्यातली ग्वाटेमालातली दोन माया मुलं दगावली. एक केक्ची बोलणाऱ्या घरातली सात वर्षांची मुलगी, एक चुख घरातला आठ वर्षांचा मुलगा. त्या मुलीच्या बापाकडून ती धडधाकट असल्याच्या इंग्रजी कागदावर, स्पॅनिशमध्ये तोंडी विचारून सही घेतली होती. ती बातमी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचली आणि बराच वेळ आत गेले नाही.

त्याच महिन्यात, १८ डिसेंबरच्या सुमाराला, घरातल्या प्रत्येकाच्या ठशांची अट मागे घेतली गेली. मामाचे ठसे पुरे होते. जानेवारी २०१९ मध्ये छोटी ओकलंडला गेली. पिशवीतला घागरा तिला आखूड झाला होता.

निष्पत्ती

ओकलंडच्या फ्रूटवेल भागात ती शाळेत जाऊ लागली. वर्गात माम बोलणारी आणखी मुलं होती. मावशी तिच्या घरापासून चार गल्ल्यांवर. आश्रयाचा अर्ज तिच्या नावानं दाखल झाला. सुनावणीत माम ते स्पॅनिश आणि स्पॅनिश ते इंग्रजी अशी दुभाष्यांची साखळी लागायची, त्यामुळे अर्ध्या तासाचं काम दोन तासांवर जाई. दोनदा दुभाषी न मिळाल्यानं तारीख पुढे गेली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन सरकारनं ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी कृतिदल नेमलं. त्यामार्फत बापाचा अर्ज गेला. २०२२ च्या वसंतात बाप, आई आणि धाकटा भाऊ तात्पुरत्या परवान्यावर विमानानं आले. मक्याच्या चार कापण्या होऊन गेल्या होत्या. मी विमानतळावर गेले नव्हते, मामानं फोनवर सांगितलं. छोटी दहा वर्षांची झालेली. आईकडे गेली, भावाला उचललं. बापापुढे येऊन उभी राहिली आणि ‘तात’ म्हणाली. मोठ्या पुरुषांना मान देऊन हाक मारायचा त्यांच्याकडचा शब्द. मग मामाच्या मागे जाऊन उभी राहिली. बापाशी एकटं बसून बोलायला तिला पुढचे काही महिने लागले.

डिसेंबर २०२३ मध्ये सब्रॉ यांच्या न्यायालयात तडजोड मंजूर झाली आणि तशी धोरणं आठ वर्षं पुन्हा आणायला बंदी आली. २०२५ मध्ये या कुटुंबांच्या वकिलीसाठीचा करार सरकारनं बंद केला, तेव्हा त्याच न्यायालयानं तो तडजोडीचा भंग ठरवला. या घराला मधले काही आठवडे वकील नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी ‘भाषा कोणती’ याऐवजी ‘गाव कोणतं, घरी आजी काय बोलते’ हे विचारता आलं असतं. सीमेवरच विचारलं असतं तर बापाच्या सहीचा प्रश्नही उद्भवला नसता. आता ही अपेक्षा आणखी दुरावली आहे. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी कामात भाषेची मदत द्यावी असा २००० सालचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश १ मार्च २०२५ रोजी रद्द झाला.

संमती कुठल्या भाषेत घेतली, दुभाषी कोणत्या गावचा होता, बोलणं किती मिनिटं चाललं, हे प्रत्येक अहवालात आता मी वर लिहिते. चार मिनिटांचा होकार आणि पन्नास मिनिटांचा होकार यांना एकच वजन देता येत नाही. मामाला दुभाषी करायचा मोह आम्हाला दोनदा झाला होता, तो टाळला हे बरं झालं. ज्याच्याकडे मूल जाणार त्याच्याच तोंडून आईबापाचं म्हणणं ऐकणं बरोबर नव्हतं, माणूस कितीही सज्जन असो.

परत पाठवायला हवं होतं का? वकील मित्राशी मी यावर अजून वाद घालते. आईबापांपासून पावणेचार वर्षं, हा हिशेब लहान नाही. कृतिदल येईल हे २०१८ मध्ये कुणालाच दिसत नव्हतं. ते आलं नसतं तर माझी शिफारस आज कशी दिसली असती, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते मला आवडत नाही. आईचा निर्णय आईचा होता, एवढ्यावर मी थांबते. तो साडेतीन महिने उशिरा विचारला गेला, हे मात्र आमच्या खात्यावर.

मागच्या वर्षी मामानं मला एका नोटिशीचा फोटो पाठवला. छोटीच्या धाकट्या भावाच्या सुनावणीची तारीख होती. वर नाव, नऊ आकडी नंबर, देश. त्याखाली, ‘भाषा : स्पॅनिश’. दुरुस्तीचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात दिला. त्यात गावाचं नाव ठळक अक्षरात लिहिलं.